पाहून जा

टी. नगरहून बस सुटली आणि माझ्या मांडीवरची पिशवी गायला लागली.

आधी एकच जण गात होता, तोही दबक्या आवाजात. मग दुसऱ्याने सूर लावला, मग तिसऱ्याने... आणि तीन सिग्नल ओलांडेपर्यंत साऱ्या बसला कळलं की इथे काहीतरी किर्र किर्र वाजतंय. समोरच्या दोन गजरेवाल्या मावश्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी लगेच खिडकीबाहेर पाहिलं.

पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, डब्याच्या झाकणाला भोकं होती आणि आत बारा रातकिडे होते. तंजावरकडच्या भातशेतातले. माझे गाइड नारायणस्वामी सर, त्यांची भाची चंद्रिका लग्नाच्या साड्या घ्यायला तंजावरहून चेन्नईला आली होती. तिने साडीच्या दुकानासमोर, भर गर्दीत, नाक मुरडत तो डबा माझ्या हवाली केला होता. मी रातकिड्यांवर पीएच.डी. करते. पण तो माझा जोडधंदा. मुख्य धंदा काळजी करणं. खोलीचं कुलूप मी तीनदा ओढून बघते, गॅस बंद केल्याचा फोटो काढून ठेवते. अशा बाईच्या मांडीवर गाणारी पिशवी!

त्यातच साताऱ्याहून आईचा फोन आला.

"आई, नंतर," मी कुजबुजले. "माझ्या पिशवीतले गायला लागलेत. बस गच्च आहे. मला उतरवतील गं!"

माझ्या सीटशेजारी उभा असलेला एक तरुण मघापासून काहीतरी विचित्र चाळे करत होता. त्याने आधी खिडकीची चौकट दाबून पाहिली. मग पुढच्या सीटच्या दांड्यावर तळवा ठेवला. मग डोळे मिटून, मान तिरकी करून उभा राहिला. आता तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला,

"खिडकी नव्हे, सीटही नव्हे. तुमच्या पिशवींतलेंच हें."

मी दचकले. मराठी! पण कसलं मराठी... जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखं, आणि वर तमिळ हेल.

"तुम्ही मराठी?"

"घरांत तेंच बोलतों. मूळचे तंजावरचे आम्ही. अप्पांची नोकरी आवडीच्या कारखान्यांत, म्हणून आतां आवडींत राहतों."

"आवडीत?" भीतीतसुद्धा मला हसू आलं. "म्हणजे अगदी आवडीनं?"

"स्टेशन आहे. अंबत्तूरच्या पुढें," तो गंभीरपणे म्हणाला. मग विनोद त्याच्या डोक्यात शिरला आणि त्याचे कान लाल झाले. ते कान मला तेव्हाच दिसले होते, हे आत्ता कबूल करते.

त्याचं नाव सेतुमाधव. ओरगडमला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्याचं काम एवढंच की गाडीत कुठे किरकिर वाजते ते शोधायचं.

"दिवसभर किरकिर ऐकायचा पगार मिळतो?"

"अम्मा म्हणते, घरांत फुकट ऐकायची सोय होती की!"

तेवढ्यात कंडक्टर आला. कसला आवाज, कुणाचा आवाज — त्याने तमिळमध्ये विचारलं. मी पिशवीत हात घालून डब्याचं झाकण दाबून धरलं. सेतुमाधवने शांतपणे खिसा थोपटला आणि फोनची रिंग आहे म्हणून सांगितलं. कंडक्टर पुढे गेला.

"खोटं बोललात."

"तुमचीं बोटें थरथरत होतीं झांकणावर," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि पुढे बराच वेळ मी त्या बोटांकडेच बघत बसले.

अड्यारला दोघेही उतरलो. त्याच्या हातात अत्तैसाठी, म्हणजे आत्यासाठी, आणलेला स्टीलचा डबा, माझ्या हातात गाणारा डबा. त्याने नंबर घेतला. निघताना म्हणाला, "सरी." म्हणजे, बरं. "पाहून जा."

मी थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "काय पाहू?"

तोही गोंधळला. "कांहीं नाहीं... पाहून जा, म्हणजे... पाहून!"

घरी पोचल्यावर, कुलूप तिसऱ्यांदा ओढताना माझी ट्यूब पेटली. तमिळमध्ये निघणाऱ्याला असंच म्हणतात, बघून जा. त्याच्या घरच्या मराठीने ते उचललं होतं. आम्ही म्हणतो, जपून जा.

*

त्याने नंबर घेतला तो माझ्या कामासाठी. निदान मी स्वतःला तसं बजावत होते.

माझी अडचण अशी होती. प्रयोगशाळेत साताऱ्याच्या ऊसबांधावरून आणलेल्या रातकिड्यांची पैदास होती. त्यांच्या नरांचं गाणं मी गेल्या वर्षीच ध्वनिमुद्रित केलं होतं. आता तंजावरच्या नरांचं करायचं, आणि साताऱ्याच्या माद्यांना दोन्ही गाणी ऐकवून त्या कुठे जातात ते बघायचं. पण यंदा आमच्या भिंतीपलीकडे मेट्रोच्या खांबांचं काम सुरू होतं. धाड्-धाड्-धाड्! त्यात रातकिड्याचं कोण ऐकणार? माझी फेलोशिप अठ्ठावीस फेब्रुवारीला संपत होती आणि आईने एक मार्चचं पुण्याचं तिकीट काढूनही ठेवलं होतं.

सेतुमाधवच्या कंपनीत एक निःशब्द खोली होती. शनिवारी दुपारी त्याने मला तिथे नेलं. फाटकावर रखवालदाराने डब्यात काय आहे विचारलं, तेव्हा त्याने नोंदवहीत सुबक इंग्रजी अक्षरात लिहिलं: ध्वनिस्रोत, बारा नग.

खोलीच्या भिंतींना फोमची टोकदार टोकं होती. दार लागलं आणि... काहीच उरलं नाही. पंखा नाही, रस्ता नाही, समुद्राचा वारा नाही. मला माझ्याच छातीतले ठोके ऐकू यायला लागले. ते त्यालाही ऐकू जात असतील का, ही एक नवीन काळजी मागे लागली.

"काय शोधतां तुम्ही ह्यांच्यांत?" मायक्रोफोन लावता लावता त्याने विचारलं.

"एक जात आहे की दोन, ते." एकदा विषय निघाला की मला धीर येतो. "असं बघा, नर गातो तो मादीसाठी. मादी गाणं ओळखते आणि चालत त्याच्याकडे जाते. गाणं परकं वाटलं तर जात नाही. आता समजा एकाच जातीचे काही किडे डोंगराअलीकडे राहिले, काही दूर नदीकाठी गेले. मध्ये शेकडो पिढ्या गेल्या. दोन्हीकडच्या जनुकांत थोडे थोडे बदल होत गेले, गाणं थोडं थोडं बदलत गेलं. एक दिवस अलीकडची मादी पलीकडचं गाणं ऐकते आणि... जागची हलतच नाही."

"मग?"

"मग त्यांची पिलं होत नाहीत. वाटा कायमच्या वेगळ्या होतात. कधी कधी नवी जात अशीच तयार होते. कुणी भांडत नाही, कुणी कुणाला मारत नाही. नुसतं ओळखू येईनासं होतं."

तो वायर हातात धरून तसाच उभा राहिला. "आम्हीही तीनशें साडेतीनशें वर्षांमागें तुमच्याकडूनच आलों की."

"हो ना."

"मग आमची परीक्षा कधीं?"

त्या खोलीत प्रतिध्वनी नसतो. बोललेलं वाक्य बोललं तिथेच संपतं. तरी ते माझ्या कानात कितीतरी वेळ वाजत राहिलं. मी म्हणाले, "आधी किडे. मग... रांगेनं," आणि मला हुडहुडी भरली.

खरोखरची हुडहुडी, खोली गार होती. त्याने काही न बोलता आपलं कंपनीचं निळं जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं. त्याला गाड्यांच्या रबराचा आणि किंचित चंदनाचा वास होता. मी वहीत लिहीत होते. किड्याचा क्रमांक, वेळ, वय, वजन... त्यापुढच्या रकान्यात काय लिहायचं ते त्या क्षणी मला सुचलंच नाही. बारापैकी अकरा गायले. वहीचं पान भरलं, आणि एक उभा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा राहिला.

जाकीट परत करायचं राहून गेलं. की मी राहू दिलं... असो.

पुढचे दोन आठवडे आम्ही रोज बोलत होतो. तो मला त्याच्या घरची मराठी शिकवायचा आणि मी त्याला माझी. एका रविवारी आवडीला त्याच्या अम्मांनी मला जेवायला बोलावलं. कमलिनी त्यांचं नाव. त्यांनी पानात दुसऱ्यांदा पिठलं वाढताना विचारलं, "तुम्हांस आमचें बोलणें कळतें ना?" मी म्हटलं, कळतं की. त्यांनी सेतुमाधवकडे बघितलं आणि सेतुमाधवने पानाकडे. त्या घरातून निघाल्यावर आगगाडीत मला कळून चुकलं की मी पार गुंतले आहे. मी त्याच्यावर प्रेम करत होते, एक मार्चला जात होते, आणि त्याने अजून एक अक्षर उच्चारलेलं नव्हतं.

*

मग निकाल आला.

वीस माद्या. एका बाजूच्या स्पीकरमधून साताऱ्याच्या नराचं गाणं लावलं, की अठरा माद्या टुणटुण चालत तिकडे जायच्या. तंजावरच्या नराचं लावलं, की मिशा हलवत जागीच बसायच्या. विसांतल्या फक्त दोघी गेल्या.

नारायणस्वामी सरांनी टेबलावर थाप मारली. "रेवा! दोन जाती! निदान दोन होण्याच्या मार्गावर! तुझा शेवटचा अध्याय तयार झाला!"

मी हसले. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. शिकलेल्या बाईने किड्यांवरून कौल लावू नये, हे मला कळतं. पण मी मनातल्या मनात लावला होता: त्या गेल्या, तर मीही जाईन. सांगेन त्याला.

त्या संध्याकाळी आम्ही टी. नगरमध्ये कॉफी प्यायला भेटलो. बाहेर खरेदीची झुंबड उडालेली. मला म्हणायचं एक होतं, आणि तोंडातून आलं भलतंच.

"निकाल लागला. साताऱ्याच्या माद्या तंजावरचं गाणं ओळखत नाहीत."

त्याचा पेला ओठांपाशी थांबला. "अगदींच नाहीं?"

"विसांत दोन." मी पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "फार पिढ्या गेल्या असाव्यात मध्ये. सर म्हणतात, आता ते वेगळेच."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "सरी... बरें झालें कळलें तें." त्याने घड्याळ पाहिलं, खुर्ची मागे सारली. चेहरा बघवत नव्हता, पण तेव्हा मला वाटलं, घरून काही निरोप आला असेल.

"जाऊन येतों," तो म्हणाला.

"या," मी म्हणाले. "मी थांबते."

त्याने एकदा वळून पाहिलं, विचित्र नजरेने. आणि गर्दीत दिसेनासा झाला.

मी थांबले. त्याचा अर्धा पेला समोर होता. वेटर तो उचलायला आला तेव्हा मी हाताने झाकला. ते येतायत, म्हटलं. दहा मिनिटं झाली. पाऊण तास झाला. अपघात झाला असेल? रस्ता ओलांडताना... मी उठून काचेपाशी जाऊन आले. फोन करावा तर तो म्हणेल, किती ही घाई! एक तास पन्नास मिनिटांनी वेटरने न विचारताच पेला नेला. तेव्हा मला समजलं की तो येणार नाही. मला बसवून ठेवून निघून गेला होता.

खोलीवर गेल्यावर मी कुलूप एकदाच ओढलं. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: रेवा, ठीक आहां ना? मी उत्तर दिलं नाही. पुढचे नऊ दिवस मी माद्यांना ओट्स घालत होते, सामानाची यादी करत होते आणि रडत नव्हते. म्हणजे, यादी करताना नव्हते.

*

वीस फेब्रुवारीला मी अध्याय लिहायला बसले. पद्धती, साधनं, क्रमांक, वेळ, वय, वजन... आणि कोरा रकाना. वरपासून खालपर्यंत.

तापमान.

रातकिड्याचं गाणं तापमानावर चालतं. गारठ्यात नर सावकाश गातो, उकाड्यात भरभर. आणि मादीचं ऐकणंही तिच्या अंगाच्या उष्णतेप्रमाणेच बदलतं. पहिल्या वर्षाला शिकवतात हे! साताऱ्याच्या नरांचं गाणं मी सत्तावीस अंशांवर टिपलं होतं. माद्यांची परीक्षा सत्तावीस अंशांवर घेतली होती. आणि तंजावरच्यांचं...

निळं जाकीट माझ्याच खुर्चीच्या पाठीवर होतं.

कुलूप तीनदा बघणारी मी, थर्मामीटर एकदा बघायला विसरले होते. का विसरले, ते त्या जाकिटाला आणि मलाच माहीत. आता फोन करायलाच हवा होता. अकरा वेळा नंबर काढला आणि मिटवला. बाराव्यांदा लागला.

"रेवा?" पहिल्याच रिंगला.

"कामाचं विचारायचं होतं," मी घाईघाईने म्हणाले. "त्या दिवशी त्या खोलीत तापमान किती होतं?"

"अठरा," तो म्हणाला. न आठवता, न थांबता. "तुम्ही कांपत होतां."

मी डोळे मिटले. "मग प्रयोग चुकलाय. थंडीत गायलेलं गाणं मी उकाड्यातल्या माद्यांना ऐकवलं. त्यांनी ओळखलं नाही, कारण ते मुळात त्या हवेतलं नव्हतं. गाणं परकं नव्हतं... कदाचित."

पलीकडून श्वास ऐकू आला. "म्हणजे विसांत दोन..."

"खोटं. माझी चूक." आणि मग मला राहवेना. "पण तुम्ही परत का नाही आलात?"

"कोठें?"

"कोठें काय? कॉफीला! जाऊन येतो म्हणालात. मी दोन तास बसले होते, तुमचा पेला राखत!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अय्यो," तो म्हणाला. "रेवा... आमच्यांत 'जाऊन येतों' म्हणजे... निघतों. निरोप तो. 'जातों' असें नुसतें म्हणवत नाहीं, अशुभ. तमिळांतही असेंच. तुम्ही दोन तास..."

"आमच्यातही 'जातो' म्हणत नाहीत. आम्ही 'येतो' म्हणतो."

"'येतों' म्हणून जातां?"

"हो."

"मग तुमचें तरी काय सरळ आहे!"

मी हसले, आणि हसता हसता रडले, आणि त्याला दोन्ही ऐकू गेलं असणार. त्याचं कामच ते. मग तो हळूच म्हणाला, "मला वाटलें, तुम्ही किड्यांच्या नांवानें मलाच नाहीं म्हणतां. फार पिढ्या गेल्या, आतां वेगळेच... म्हणून उठलों मी."

"मी किड्यांचंच बोलत होते!"

"कळतें आतां."

पुढचं वाक्य कुणी बोलायचं, यावर दोघेही अडलो. शेवटी मीच म्हणाले, की बारा नगांपैकी एकच जिवंत आहे. म्हातारा झालाय. महिना संपत आलाय.

"रविवारीं आणा," तो म्हणाला. "शनिवारींच एसी बंद करून ठेवतों."

*

रविवारी खोलीत सत्तावीस अंश होते. मी थर्मामीटर तीनदा पाहिला, मग त्याला पाहायला लावला, मग वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला.

म्हातारा मात्र गाईना. त्याची एक मिशी तुटली होती. जाळीच्या पिंजऱ्यात तो एका कोपऱ्यात बसून राहिला. आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो, पाय दुमडून, मायक्रोफोन मध्ये. बोलायचं नाही, हलायचंही नाही. घामाचा एक थेंब त्याच्या कानामागून गळ्यावर उतरला आणि मी तो पूर्ण उतरेपर्यंत पाहिला. अर्धा तास झाला. हा गायला नाही तर? आजच मेला तर? मग खोटा अध्याय द्यायचा की कोरा? आणि हा माणूस समोर बसलाय त्याचं काय... एक मार्च सात दिवसांवर होता.

त्याने माझी वही ओढून घेतली, काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवली.

तमिळ अक्षरं! त्याला मराठी बोलता येत होतं, पण देवनागरी लिहिण्याची सवय नव्हती. आणि मला तमिळ येत होतं ते बसच्या पाट्या वाचण्यापुरतं. मी एकेक अक्षर लावत गेले. म... ज... तु... म... ची... मग शेवटचा शब्द. तो मला चटकन ओळखू आला, कारण स्टेशनावर पाहिला होता. आवडी.

मज तुमची आवडी.

आवडी? मी खाली देवनागरीत लिहिलं, 'आवडीचं काय? अम्मांनी बोलावलंय का?' आणि वही परत दिली. त्याने ते वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग कपाळावर हात मारला — आवाज न करता. मान हलवली. नाही, नाही. त्याने त्या शब्दाखाली रेघ ओढली, मग माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. आणि त्याचे कान लाल झाले.

तेव्हा कुठे मी ते वाक्य डोळ्यांनी न वाचता कानांनी वाचलं. आवडी. स्टेशन नव्हे. आमच्याकडे तो शब्द आता 'आवडीची भाजी'मध्ये उरलाय. त्याच्या घरात तो पूर्ण अर्थाने, साडेतीनशे वर्षं, जपून ठेवला होता. मज तुमची आवडी. मला तुम्ही हव्या आहात.

ओळखलं मी. काळीज असं धडधडायला लागलं की मला भीती वाटली, आता ध्वनिमुद्रणात हेच यायचं. मी पेन घेतलं. पाटीवरून पाठ झालेली ती तीन अक्षरं मी वेडीवाकडी तमिळमध्ये काढली, आणि पुढे देवनागरीत लिहिलं: 'मलाही. तुझी.'

त्याने वाचलं. वर पाहिलं. आणि त्या अगदी निःशब्द खोलीत, तुटक्या मिशीच्या म्हाताऱ्याने पंख उचलले.

किर्र. किर्र-किर्र-किर्र...

आम्ही दोघेही हललो नाही. चार मिनिटं तो गात होता, भरभर, उकाड्यातलं गाणं. सेतुमाधवचा हात जमिनीवरून इंच इंच सरकत माझ्या हातापाशी आला आणि बोटांवर टेकला. माझी बोटं या वेळी थरथरत नव्हती.

*

विसांतल्या सतरा माद्या त्या गाण्याकडे चालत गेल्या. पहिली वळली तेव्हा मी श्वास धरला होता. दहावी गेली तेव्हा टेबलाची कड धरली होती.

नारायणस्वामी सरांनी कागद दोनदा वाचला. "गेल्या आठवड्यात दोन जाती होत्या तुझ्याकडे. छान अध्याय होता."

"खोटा होता, सर."

"होता," त्यांनी चष्मा काढला. "एका म्हाताऱ्यावर मी सही करणार नाही. आणि गाणं ओळखलं म्हणजे सगळं झालं नाही. अंडी व्हायला हवीत, त्यांतून पिलं निघायला हवीत, आणि पिलांना पुढे पिलं. साताऱ्याच्या ताज्या माद्या आण. तंजावरचे नवे नर मी मागवतो. सहा महिन्यांची मुदतवाढ मागू आपण. मिळेल की नाही, सांगता येत नाही."

म्हणजे काळजी संपली नव्हती. मुदतवाढीचा कागद अजून दिल्लीला होता. आईला मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं; ते समोर बसून सांगायचं होतं, आणि ती आधी रातकिड्यांविषयी विचारणार की मुलाविषयी, याचाही मला घोर लागला होता.

एक मार्चला तो मला सेंट्रलवर सोडायला आला. अम्मांनी दिलेला स्टीलचा डबा त्याने खिडकीतून सीटवर ठेवला, रिकामा बिस्किटांचा डबाही दिला, साताऱ्याच्या माद्यांसाठी. मी फलाटावर पायरीपाशी उभी होते. सिग्नल पडला. त्याचा चेहरा त्या कॉफीच्या संध्याकाळसारखा होऊ लागला.

"जाऊन येते," मी म्हणाले.

तो एकदम सावध झाला. "रेवा... हें आमच्यांतलें, कीं तुमच्यांतलें?"

"तुमच्यांतलं असतं तर नुसती निघाले असते," मी म्हणाले. "आमच्यातलं आहे. जाणार, आणि येणार. पेला राखून ठेव."

तो हसला. पण डोळे भरले होते, आणि आवाज फुटत नव्हता. दिवसभर आवाज शोधणाऱ्या माणसाचा. गाडीने हिसका दिला तेव्हा त्याच्या तोंडून सवयीचं तेवढंच निघालं.

"पाहून जा."

या वेळी मी विचारलं नाही काय पाहू म्हणून. त्याच्याकडे पाहिलं, लाल कानांसकट, सावकाश, डोळे भरून. आणि मग गाडीत चढले.